डोळ्यांच्या तक्त्याची कापलेली ओळ

मी डोळे तपासायचा एक जुना तक्ता आहे. हो, तोच! वर भलंमोठं अक्षर आणि खाली उतरत उतरत मुंगीएवढी झालेली अक्षरं. चाकणच्या एका कारखान्यात, दवाखान्याच्या खोलीत मी टांगलेला असतो. मित्रांनो, कागदाला कसला आलाय जीव, असं म्हणू नका. गेल्या तेरा वर्षांत माझ्याकडे लोकांनी जेवढं डोळे फाडून पाहिलंय, तेवढं मांडवातल्या नवरदेवाकडेही कुणी पाहत नाही.

माझा जन्म चिंचवडच्या एका छापखान्यातला. छापणारा मोठा काटेकोर माणूस. अक्षर केसभर जरी लहानमोठं झालं तरी अख्खा तक्ता रद्दीत टाकायचा. मी मात्र पहिल्या फटक्यात पसंत पडलो! सात ओळींचा माझा संसार. त्यातली सगळ्यात खालची ओळ माझी फार लाडकी: न, ट, ग, प, र, म. सहा मीटरवरून जो ती वाचेल, त्याची लांबची नजर चोख.

पहिली काही वर्षं माझा रुबाब काय सांगू! वर्षातून एकदा कामगारांची वैद्यकीय तपासणी व्हायची, तिला सगळे नुसतं 'मेडिकल' म्हणायचे. त्या दिवशी माझ्यासमोर दारापर्यंत रांग लागायची. पण हळूहळू एक शब्द माझ्या कानावर येऊ लागला. "चल भावा, डोळे पास करून येऊ." पास! जणू काही मी दहावीचा पेपर. आणि पेपर म्हटला की कॉपी आलीच.

हा उद्योग उद्धवरावांचा. फोर्कलिफ्ट म्हणजे जड पेट्या उचलून रॅकवर चढवणारी गाडी. ती चालवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मावळातला दिलदार गडी, पण खोड अशी की स्वतःला वाटलं तोच कंपनीचा नियम. "चष्मा दिसला की गाडीवरून खालीच उतरवत्यात," असं त्यांनी ठासून सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. मग माझ्या लाडक्या ओळीचं त्यांनी वाक्य बनवलं: 'नाना टपरीवर गेले, परत रात्री मिळाले.' प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर म्हणायचं, की झाले डोळे पास! तेव्हाचा कंपाउंडर मान वर न करता खूण करायचा. लोक माझ्याकडे तोंड करून उभे राहायचे, पण मला वाचत कुणीच नव्हतं. फार वाईट वाटायचं हो.

दिपाली कामाला लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती. फोर्कलिफ्ट चालवणारी आमच्याकडची पहिली मुलगी. घरी पेढे वाटले होते म्हणे. पण लांबचं तिला धूसर दिसायचं, आणि गाडी जाईल या धास्तीनं तिनं चष्मा केलाच नाही. "आगं, घाबरतीस कशाला? नानाला ध्यानात ठिव," उद्धवरावांनी दारातच तिला कानमंत्र दिला. नानांनी तिला चार वर्षं तारलं.

मग माझ्यावरच कुऱ्हाड आली. दवाखाना नव्या खोलीत हलवला, तिथे माझ्या पायाशी विजेचं बटण येत होतं. शिपायानं कात्री घेतली आणि माझी शेवटची ओळ कचाकच कापून केराच्या टोपलीत टाकली! जन्मभराची कमाई ती. मी मनातल्या मनात ओरडलो, पण तक्त्याचं कोण ऐकतं?

पुढच्याच आठवड्यात मेडिकल होतं. यंदा तपासायला नव्या डॉक्टर आल्या होत्या, मृदुला मॅडम. दिपाली सहा मीटरवर जमिनीवर आखलेल्या पट्टीवर येऊन उभी राहिली.

"सगळ्यात खालची ओळ वाच बघू," मॅडम म्हणाल्या.

दिपालीनं श्वास घेतला आणि धडाधड म्हटलं, "न, ट, ग, प, र, म!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "वा! ही ओळ तुला दिसली कुठे गं? ती तर कात्रीनं गेली."

दारातले उद्धवराव सटकायला बघत होते, त्यांनाही आत बोलावलं. दिपालीला रडू फुटलं. "मॅडम, माझी गाडी काढू नका. पण खरं सांगते, मलाच भीती वाटायला लागलीये. परवा रॅकच्या मागच्या गल्लीत आपल्या खात्यातले धम्मरत्नदादा उभे होते, ते मला खांब वाटले. हातभर अंतरावर गाडी थांबली."

उद्धवरावांचा चेहरा उतरला.

मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडून दोघांसमोर ठेवलं. चष्मा लावून नीट दिसत असेल तर गाडी चालवायला हरकत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. इतकी वर्षं ते उघडायचं कुणाला सुचलंच नव्हतं! दिपालीला दोन्ही डोळ्यांना साडेतीनचा मायनस नंबर निघाला. चष्मा येईपर्यंत गाडी बंद, आला की पुन्हा सुरू.

चष्मा आला, पण हेल्मेटखाली घामानं तो नाकावरून घसरायचा. महिन्याभरानं ती पुन्हा मॅडमकडे आली. "मला लेझर करायचंय."

"करता येईल," मॅडम म्हणाल्या, "पण नंबर वर्षभर स्थिर हवा. तुझ्या जुन्या नोंदी काय सांगतात? चारही वर्षं नजर उत्तम! त्या नानांच्या नोंदी मी कुठल्या डॉक्टरला दाखवू?"

झालं! पोपटपंचीनं तिचं एक वर्ष खाल्लं. मॅडमनी मग तिला नीट समजावलं. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात, लेझर त्याला नवा आकार देतो. कुणाचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर देतात, कुणाच्या छोट्याशा छेदातून आतली चकती काढतात, कुणाला पापुद्रा न करता वरूनच. कॉर्निया फारच पातळ असेल तर लेझर नाहीच, डोळ्यात भिंग बसवतात. "तुला कुठलं, ते तपासण्या ठरवतील, जाहिरात नाही."

तिच्यासोबत आलेले उद्धवराव मध्येच म्हणाले, "मग माझंबी लेझर करा की! दिव्याभोवती कडी दिसत्यात." मॅडमनी डोळ्यात बॅटरी मारली. "उद्धवराव, हा मोतीबिंदू आहे. त्याला चष्मा घालवायचं लेझर चालत नाही. आतलं धूसर भिंग काढून नवं बसवायचं. उगाच लांबवू नका." ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा इथे आले आणि दारातच थबकले. "आयला, ही भिंत निळी हाय व्हय! मी तर करडी समजत होतो."

दिपालीनं वर्षभर इमानानं डोळे तपासून घेतले. नंबर जागचा हलला नाही. पिंपरीच्या दवाखान्यात कॉर्निया जरा पातळ निघाला, म्हणून पापुद्रा न करता वरून लेझर झालं. चार दिवस डोळे चुरचुरले, पाणी आलं, नजर हळूहळू साफ झाली. महिनाभर धुळीपासून लांब राहिली, डोळ्यांत घालायचे थेंब एकदाही चुकवले नाहीत.

तीन महिन्यांनी ती पट्टीवर आली, चष्म्याशिवाय. मॅडमनी माझ्या पायाशी, बटणाच्या जरा वर, नवी ओळ चिकटवली होती, कुणीही न पाहिलेली. माझाच जीव वरखाली होत होता!

"ल... ब... ध," ती अडखळली. "थांबा, ध नाही. घ! घ, स, द, क."

मित्रांनो, त्या अडखळण्यानं मी धन्य झालो. पाठ केलेला माणूस ध आणि घ मध्ये कधी अडखळतो का? तिनं मला वाचलं होतं! उद्धवरावांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमनी फोर्कलिफ्टच्या कागदावर सही केली.

निघताना दिपाली वळली आणि डोळे बारीक न करता म्हणाली, "मॅडम, तक्ता बोटभर वाकडा टांगलाय."

एवढी माणसं माझ्यासमोर उभी राहून गेली, पण हे कुणालाच दिसलं नव्हतं. तिनं येऊन मला सरळ केलं.

आता मी सरळ आहे. तुम्हीही माझ्याशी सरळ वागा, मित्रांनो. दिसत नसेल तर मोठ्यानं सांगा, "दिसत नाही." माझ्यापुढे आजवर कुणी नापास झालेलं नाही.