सातव्या भागातली आत्या

सातव्या भागात खटक्या माणूस होतो, आणि तिथून पुढे कुणाचंच काही खरं राहत नाही.

खटक्या म्हणजे ‘निळं यान’ या सिनेमांतला यंत्रमानव. छातीवर बोलताना अक्षरागणिक लुकलुकणारा एक दिवा, पोटात सतत खटखट, आणि यानाच्या कॅप्टनवर जीव ओवाळून टाकणारा. हे सिनेमे दुसऱ्या भाषेत बनतात आणि आम्ही चौघं त्यांना आपल्या भाषेत बोलतं करतो. संवाद लिहिणारे मास्तर, सगळ्यांवर खेकसणाऱ्या दिग्दर्शिकाबाई, खटक्याचा आवाज म्हणजे लोखंडे आणि कॅप्टनचा आवाज मी. लोखंडेंचं खरं आडनाव वेगळंच आहे, अगदी मऊ, फुलाबिलाचं; पण पहिल्या भागात लोखंडी माणसाचा आवाज दिला आणि ते जन्माचे लोखंडे झाले. मी झाले आत्या.

त्याचं असं झालं. मूळ सिनेमात कॅप्टनचं नाव ‘आटा’. खटक्या दर दोन मिनिटांनी “आटा! आटा!” करत तिच्यामागे धावतो. मास्तर म्हणाले, “अख्ख्या अवकाशात हा काय पीठ मागत फिरतोय?” आणि त्यांनी ‘आटा’ खोडून ‘आत्या’ केलं. अक्षरं दोनच, दिवाही दोनदाच लुकलुकतो, शिवाय माया आली ती वेगळीच. यंत्राला आत्या कुठून आली, असं एकाही प्रेक्षकाने विचारलं नाही. उलट गल्लीतली पोरं “आत्या, इंधन संपलं!” असं ओरडत खेळायला लागली. पहिला भाग पडणार अशी आमची खात्री होती. त्याचे सहा निघाले, आणि सहाच्या सहा भागांत खटक्या मला आत्या म्हणत राहिला.

मग स्टुडिओतही सगळे तेच म्हणू लागले. चहावाला, लिफ्टमन, लोखंडेसुद्धा. घरी मी भावाकडे राहते. तिथे भाचीची मी आत्या, आणि तिच्या तोंडून ऐकून ऐकून भाऊ-वहिनीचीही आत्याच. आत्या असण्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त पन्नाशी जवळ आली तसं वाटायला लागलं होतं, की जगात एक तरी माणूस असा असावा ज्याची मी आत्या नाही. तो कोण असावा हेही मला चांगलं ठाऊक होतं. माइकच्या पलीकडे उभा राहून तो वर्षानुवर्षं मला “आत्या, सावध!” म्हणत होता.

त्यातच कंपनीचा निरोप आला. या भागानंतर ज्याने त्याने आपापल्या घरी बसून आवाज द्यायचा आणि पाठवायचा. एका माइकवर दोघांनी उभं राहण्याचे दिवस संपले. म्हणजे जे काही व्हायचं ते सातव्या भागातच.

आणि सातवा भाग तर असा!

स्टुडिओतल्या छोट्या पडद्यावर तो आम्ही पहिल्यांदा पाहिला. सुरुवात बरी होती. मग तीनदा मेलेला खलनायक दार ढकलून आत आला.

“हा मेला होता ना?” बाईंनी विचारलं.

“ज्वालामुखीत,” मास्तर म्हणाले. “किंकाळी मीच लिहिली होती.”

“जुळा भाऊ आहे त्याचा,” लोखंडे म्हणाले. “खाली अक्षरं येतायत बघा.”

जिने आजवर ग्रहच्या ग्रह वाचवले ती आमची कॅप्टन या भागात सपाट जमिनीवर चालताना सारखी पडते आणि दरवेळी कुणीतरी तिला झेलतं. हवा नसलेल्या ग्रहावर सगळ्यांचे केस भुरुभुरु उडतात. एक दाढीवाला म्हातारा गुहेत बसून विश्वाचं रहस्य सांगतो, आणि ते इतका वेळ सांगतो की मास्तरांचा डोळा लागला. त्यांना जाग आली ती बाईंच्या ओरडण्याने. पडद्यावर खटक्या एका कारंज्यात पडून देखणा, रुंद खांद्यांचा माणूस होऊन बाहेर आला होता. ओल्या केसांतून हात फिरवत तो कॅप्टनजवळ गेला, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, “आटा...”

पुढचं कळायला अक्षरं वाचायची गरज नव्हती.

“मेलो,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, हा आत्याला मागणी घालतोय!” बाई म्हणाल्या.

“दिसतंय मला.”

“सहा भाग तिला आत्या आत्या करून—”

“अहो, दिसतंय ना! मला काय स्वप्न पडलं होतं, हे लोक सातव्या भागात असं शेण खातील म्हणून?”

लोखंडे अंधारात खुसुखुसु हसत होते. मीही हसले, पण जरा उशिरा.

घरी सांगितलं तर वहिनीचा घास हातातच राहिला. “म्हणजे आत्या, लोखंडे तुम्हाला मागणी घालणार?”

“खटक्या घालणार. कॅप्टनला.”

“तेच ते.”

“तेच ते कसं?”

“मग कान कशाला लाल होतायत?”

भाची मात्र खरोखर चिडली होती. ती या सिनेमांवरच वाढलेली. “सहाव्यात संपवायला हवं होतं. खटक्याला माणूस व्हायची गरजच काय? होता तसा काय वाईट होता?”

“होता तसा राहिला तर जन्मभर आत्या आत्याच करत बसेल,” मी म्हणाले. दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी ताट उचलून मोरीकडे गेले.

तो प्रसंग रेकॉर्ड करायच्या दिवशी मास्तर हाताला शाई लावून आले. बाईंनी आल्या आल्याच सुनावलं, “आत्या जायला हवी. पण तोंड ‘आ’चंच उघडतंय हे लक्षात ठेवा. आता दिवा नाही, चांगले जाडजूड ओठ आहेत. काहीही खपायचं नाही.”

“‘आर्ये’ घ्या,” मास्तर म्हणाले.

लोखंडेंनी घेतलं. “आर्ये, राहशील माझ्याबरोबर?”

“यानातून उतरलाय की नाटक कंपनीतून?” बाई म्हणाल्या. “पुढचं.”

“‘आहा’?”

“आहा, राहशील माझ्याबरोबर?”

“जेवण आवडल्यासारखं वाटतंय. पुढचं!”

‘कॅप्टन’ म्हणून पाहिलं, तर ओठ उघडायच्या जागी मिटत होते. शेवटी वैतागून बाई म्हणाल्या, “एकदा ‘आत्या’च म्हणा. किती वाईट वाटतं ते तरी कळू दे.”

“मी नाही म्हणणार,” लोखंडे म्हणाले.

“का?”

“आत्याला कुणी असं विचारतं का?”

सगळे हसले. ते हसले नाहीत. हातातला कागद उलटासुलटा करत राहिले. बाईंनी चहाची सुट्टी दिली.

चहाच्या टेबलापाशी ते नेहमीसारखं म्हणाले, “आत्या, तुम्हाला साखर?”

माझं डोकंच फिरलं. “लोखंडे, तुम्हाला माझं नाव माहीत आहे ना?”

“आहे की.”

“मग?”

“नावाने काय, बँकेतला माणूसही हाक मारतो.”

“म्हणून आत्या?”

“आत्या तर लिफ्टमनही म्हणतो,” ते म्हणाले आणि बिनसाखरेचा चहा ढवळू लागले. “तेच तर अडलंय.”

काय अडलंय, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि आतून बाईंची आरोळी आली.

पुन्हा माइकपुढे उभं राहिलो. लाल दिवा लागला. पडद्यावर तो देखणा पुतळा गुडघ्यावर बसला. मास्तरांचं अजून ठरत नव्हतं, म्हणून मी म्हटलं तोवर टेकावं. मागे माझं स्टूल असतं, सवयीचं, कधी वळून बघावं लागत नाही. ते नेमकं कुणीतरी वायर ओढायला बाजूला केलं होतं. मी हवेत बसले.

“अगं, अगं, अगं!” लोखंडेंनी माझं कोपर पकडलं. “पडशील ना!”

सपाट जमिनीवर पडायला निघालेली कॅप्टन आणि तिला झेलणारा खटक्या! सिनेमाला नावं ठेवायची सोयच राहिली नाही. मी सावरून उभी राहिले, तर काचेपलीकडे बाई मास्तरांना हलवत होत्या.

मग बाईंचा आवाज आला. “मास्तर, ऐकलंत?”

त्यांनी तो तुकडा पडद्यावरच्या ओठांवर लावून दाखवला. देखण्याचं तोंड उघडलं आणि आमच्या लोखंडेंचं “अगं” बाहेर पडलं. ओठ थोडे जास्त उघडे राहत होते, पण जीव कळवळून आलेला आवाज होता, ओठ कोण बघतंय!

“अगं!” मास्तर उठूनच उभे राहिले. “नाव नको, नातं नको! अहो, बायकोपासून मांजरीपर्यंत सगळ्यांना चालतं! मी मूर्ख, रात्रभर शब्दकोश चाळतोय!”

मी हळूच लोखंडेंना म्हटलं, “‘पडशील’ म्हणालात.”

“‘पडाल’ म्हणेपर्यंत पडला असता तुम्ही,” ते म्हणाले. आणि वहिनीने कान लाल होण्याबद्दल जे म्हटलं होतं, ते दुसऱ्यांनाही लागू पडतं असं मला दिसलं.

“अगं, राहशील माझ्याबरोबर?” हे वाक्य बाईंनी त्यांच्याकडून इतक्यांदा घेतलं की मला ते पाठ झालं. कॅप्टनचं उत्तर होतं एकच शब्द, ‘हो’. तिचा ‘हो’ मी एका फटक्यात दिला. माझा माझ्याकडेच राहिला, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी फाटकाशी लोखंडे म्हणाले, “येतो, आत्या.” मी म्हटलं, या.

सिनेमा लागला तेव्हा कंपनीने आम्हा चौघांना पास दिले. थिएटर भरलेलं. यान दिसल्याबरोबर टाळ्या, शिट्ट्या. खलनायकाचा जुळा भाऊ आला तसे लोक एकमेकांकडे बघू लागले. गुहेतला म्हातारा बोलायला लागला तसे निम्मे खायला काहीतरी आणायला बाहेर गेले. पुढच्या रांगेतला एकजण फोन उघडून हवामान बघत होता. एवढ्या वर्षांचे आमचे प्रेक्षक. मला त्यांची दयाच आली.

मग कारंजं आलं. माणूस झालेला खटक्या गुडघ्यावर बसला. “अगं, राहशील माझ्याबरोबर?”

थिएटर शांत. आणि त्या शांततेत मधल्या रांगेतून एका आजीबाईंचा खणखणीत आवाज आला, “अहो, ती याची आत्या ना?”

“होती,” शेजारचे आजोबा म्हणाले.

“होती म्हणजे? अशी कशी नाती बदलतात?”

“आता तो माणूस झालाय ना!”

अख्खं थिएटर फुटलं. बाई खुर्चीतून घसरल्या, मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कॅप्टनचा ‘हो’ कुणाला ऐकूही गेला नाही. शेजारी लोखंडे तेवढे पडद्याकडे नाही, आजोबांच्या डोक्याकडे बघत होते.

शो सुटला. जिन्यावर नुसती कुरकुर. कुणी पैसे परत मागायचं म्हणत होतं, कुणी पहिल्या भागाची आठवण काढून उसासे टाकत होतं. गर्दीने मला पुढे ढकललं आणि बाकीचे मागे राहिले. मी खालच्या पायऱ्यांपर्यंत आले असेन.

“अगं!”

आवाज ओळखीचा. चारपाच बायका वळल्या. एकीने “काय हो?” सुद्धा केलं. मी वळले नाही. असल्या मोघम हाकेला माणसाने काय म्हणून वळावं?

“अगं, तू! तुलाच म्हणतोय!”

तेव्हा वळले. लोखंडे कठड्याला धरून, लोकांचे धक्के खात उभे होते. मायक्रोफोनशिवाय त्यांचा आवाज फारसा मोठा नाही, पण जिन्याला पुरला होता. लोक वाट काढून पुढे जात होते. ते दोन पायऱ्या खाली आले.

“फारच वाईट होता ना सिनेमा?” त्यांनी विचारलं.

“फारच.”

“उद्या पुन्हा बघूया?”

“हो,” मी म्हटलं. हा कॅप्टनचा नव्हता, आणि तो त्यांना नीट ऐकू गेला.