शेजारी-शेजारी

पहिली थोबाडीत बसली तेव्हा शिडीताईच्या तोंडात रक्ताची चव आली. दुसरी तिने हातावर झेलली.

“प्रेस कुणाला विचारून थांबवलीस?” दादा ओरडला. तो खात्याचा फोरमन आणि तिचा सख्खा थोरला भाऊ. नोकरी त्यानेच लावून दिली होती, आणि हे तो उठता-बसता ऐकवायचा.

“मामांचा हात आत होता, दादा. तू पडद्यावरचं एक बटण खाली ओढलंयस.”

पत्रा दाबणाऱ्या त्या प्रेसचा प्रोग्राम अक्षरांत लिहिलेला नव्हता, पडद्यावर शिडीसारखा काढलेला होता. ती शिडी काढायची ताई, म्हणून तर तिचं हे नाव. दोन बटणं एका पायरीवर शेजारी-शेजारी काढली, की दोन्ही दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे दोन्ही हात बाहेर. एकाखाली एक काढली, की कुठलंही एक पुरतं. माल भराभर निघावा म्हणून दादाने कालच हा उद्योग करून ठेवला होता.

ती पॅनेलमधल्या पडद्याकडे वळली. दादाने पॅनेलचं लोखंडी दार तिच्या उजव्या हातावर आपटलं. बोटं मोडल्याचा आवाज मामांनाही ऐकू आला.

मामा, म्हणजे प्रेस चालवणारे म्हातारबुवा, धावत आले. मागोमाग सगळं खातं.

“मामा, हे बघा,” ती कण्हत म्हणाली. “ही दोन बटणं म्हणजे तुमचे दोन हात. एक वर, एक खाली. एक जरी चुकून दाबलं गेलं, तरी पायरी पुरी होते.”

मामांनी चित्र पाहिलं. मग स्वतःचा डावा हात पाहिला.

“सकाळपासून हा आत घालतोय मी,” ते म्हणाले, आणि त्यांच्या हातातला पाना दादाच्या खांद्यावर बसला. दादा गुडघ्यावर आला. “आता तुझा घाल. बघू तरी!”

“घाला याचा!” चार जण ओरडले. दोघांनी दादाला फरफटत नेलं आणि त्याचा डावा हात प्रेसच्या जबड्यात कोंबला. ताईने दाबून ठेवलेलं, प्रेस थांबवायचं लाल बटण कुणीतरी सोडवलं. मोटर गुरगुरू लागली.

“थांबा!” ताई ओरडली. कोण ऐकतंय! डाव्या हाताने माउस धड धरवत नव्हता, रक्ताने निसटत होता. पडद्यावरचं खालचं बटण उचललं, ते पुन्हा खालीच पडलं. परत उचललं. वरच्या बटणाशेजारी बसलं. तिने बदल यंत्राकडे पाठवला.

“दाब एक बटण!” मामांनी दादावर पाना उगारला.

दादाला तिथून पडदा दिसत नव्हता. तो पांढराफटक पडला होता. “शिडे... लावलंस का गं नीट?”

गप्प राहावं, असं तिला वाटलं. घाबरून मरू दे मेल्याला. त्या विचाराची तिला अजिबात लाज वाटली नाही.

“लावलंय,” ती म्हणाली. “दाब.”

दादाने डोळे मिटून मोकळ्या हाताने एक बटण दाबलं. पडद्यावर पायरी अर्धी हिरवी झाली आणि तिथेच थांबली. प्रेस जागची हलली नाही.

मामांनी पाना खाली ठेवला. दादा मात्र बटण सोडेना आणि आतला हातही काढेना. ताई मोडका हात छातीशी धरून त्याच्यापाशी गेली, चांगल्या हाताने त्याचं मनगट पकडलं आणि त्याचा हात बाहेर काढला.

“चल,” ती म्हणाली, “माझी बोटं बांधून दे.”