खटपट्याच्या खुर्च्या

शोकसभेला सगळे जमले होते आणि मास्तरांचं बूड काही खुर्चीला टेकत नव्हतं. एकदा खिडकीशी जाऊन आले, दोनदा पाणी पिऊन आले. खुर्ची वाईट नव्हती हो! सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या खटपट्याच्याच कारखान्यातल्या, एक कुरकुरेल तर शपथ. पण खटपट्या गेला होता, आणि त्याच्याबद्दल चार शब्द मास्तरांनी बोलायचे होते. का, तर म्हणे कॉलेजचा जिवलग मित्र!

"यानं मला धंद्याचा रस्ता दाखवला," असं खटपट्या जन्मभर सांगत आला. रस्ता कसला डोंबलाचा! तो तिसऱ्यांदा मुलाखतीत आपटून आला, तेव्हा कँटीनमध्ये सगळ्या वर्गासमोर मास्तर म्हणाले होते, "तुला कोण नोकरी देणार रे? वर्गातली डुगडुगणारी बाकं ठोकत बसतोस ना, तेच कर!" सगळे खो खो हसले. आणि या पठ्ठ्यानं खरंच हातोडी उचलली, एका शेडमध्ये एकट्यानं सुरुवात केली, पुढे चाळीस माणसं कामाला ठेवली. "कारखाना बघायला ये की," म्हणून दर वर्षी फोन करायचा. मास्तर दर वर्षी "येतो, येतो" म्हणून टाळायचे. कोणत्या तोंडानं जाणार?

आता तीच थाप माईकवर रेटायची, की खरं सांगून टाकायचं?

खटपट्याची मुलगी शेजारी येऊन बसली. "काका, आता तुमची पाळी."

मास्तरांना राहवलं नाही. "पोरी, मी सल्लाबिल्ला काही दिला नव्हता गं. चारचौघांत टिंगल केली होती त्याची. फार शरम वाटते."

"माहितीये," ती म्हणाली. "बाबा घरी तुमची नक्कल करून दाखवायचे. आम्ही पोट धरधरून हसायचो. तेव्हा राग आला होता म्हणे, पण कामाला लागल्यावर विसरले."

मास्तरांना हुश्श झालं. उगाच इतकी वर्षं जीव जाळला!

"पण तुम्ही कारखान्यात कधी आला नाहीत ना, ते मात्र त्यांना लागलं. तुम्ही 'येतो' म्हणालात की एक खुर्ची पुसून दारापाशी ठेवायचे. म्हणायचे, मास्तर खुसपट काढणारच, बघू या काय काढतो."

तेवढ्यात पुकारा झाला. मास्तर उठले, माईकपाशी गेले.

"मी त्याचा कारखाना पाहिलेला नाही," एवढंच म्हणाले, आणि परत येऊन खुर्चीत बसले.