रिकाम्या तोंडाचं चघळणं

मेंदूचे आलेख काढायच्या खोलीत तिला सगळे चाळणीबाई म्हणत आणि तिला ते आवडतही असे. रुग्णाच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, आलेख काढायचा आणि त्यातला डोळे मिचकावणं, खोकणं, खाणं असला कचरा कापून टाकायचा, हे तिचं एकवीस वर्षांचं काम. हल्ली तो साफ आलेख संगणकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाई. फिट मेंदूत नेमकी कुठून उठते, ते हे यंत्र लाल ठिपक्यानं दाखवी. डॉक्टर त्या यंत्राचे जावयासारखे लाड करत.

"जावईबापूंना खडा चालत नाही," चाळणीबाई म्हणे, "निवडून वाढावं लागतं."

पाच नंबरच्या खाटेवरच्या शिंप्याचे आलेखही तिनं असेच लखलखीत करून दिले. लाल ठिपका पडला तो नेमका बोलण्याच्या केंद्रावर. तिथे कापलं तर वाचा जायची. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेवर फुली मारली आणि ही बातमी सांगायचं काम चाळणीबाईच्या गळ्यात पडलं.

फिटच्या धास्तीनं शिंप्यानं सात वर्षांत कात्रीला हात लावला नव्हता. तो कसनुसा हसला. "कापा तरीही. घरात बोलायला ही समर्थ आहे."

"आणि मी भांडू कुणाशी?" बायको फणकारली. मग तिनं मोर्चा इकडे वळवला. "काय हो बाई, तुमच्या यंत्रापेक्षा मी बरी. हे रिकामं तोंड चघळायला लागले की मी उशी सरकवते. मिनिटभरात फिट येतेच."

"रिकामं?"

चाळणीबाईला आपली कापाकापी आठवली. 'खाणे' असं लिहून तिनं सहा तुकडे कापले होते, तेही आगेमागेच्या मिनिटांसकट. धावत जाऊन तिनं खाटेसमोरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. दुपारचे साडेतीन, ताट केव्हाच गेलेलं, शिंप्याचं तोंड मात्र मजेत चालू. फिटची सुरुवातच तिनं कचऱ्यात टाकली होती. यंत्राला दिसली ती फिट पुढे पसरल्यानंतरची. असे आजवर किती कापले असतील, या विचारानं तिला लाज वाटली आणि भीतीही.

"सर, यंत्राची चूक नाही," ती डॉक्टरांना म्हणाली. "शेण मी खाल्लंय."

"तुम्ही आणि यंत्राची बाजू घेताय?" डॉक्टर म्हणाले, पण खुर्ची तिच्या शेजारी ओढून बसले. सहाही तुकडे परत जोडले. ठिपका हलला. कानशिलाच्या आत खोल, बोलण्याच्या केंद्रापासून चांगला लांब. डॉक्टरांनी दोनदा पडताळून पाहिलं.

चाळणीबाई पुन्हा खाटेपाशी गेली. आधी तिनं आपली चूक सांगितली, मग ठिपका कुठे सरकला ते.

"म्हणजे कापता येईल?" शिंप्यानं विचारलं.

"येईल. आणि बोलणं शाबूत राहील, असं डॉक्टर म्हणतात."

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द फुटत नव्हता. नुसते डोळे वाहत होते. तो घाबरून उठायला लागला, तशा डोक्यावरच्या तारा ताणल्या.

"बाई, माझं राहू द्या," तो म्हणाला, "आधी हिला तारा लावा. लग्न झाल्यापासून ही पहिल्यांदाच गप्प बसलीय."