वाट्याचं पाणी

शनिवारी दुपारी लवू परबांनी लेकीकडे बर्फाचा आणखी एक खडा मागितला आणि पद्मजाने तो दिला नाही.

त्यात नवल काही नव्हतं. मूत्रपिंडं थकल्यापासून घाटकोपरच्या त्या घरात हेच चाललं होतं. डायलिसिसच्या दोन खेपांमध्ये अंगात साठलेलं पाणी हृदयावर येतं, म्हणून बाबांचं दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत काढलेलं असे. त्यातलं थोडं पद्मजा साच्यात गोठवून ठेवी. घोट गिळला की संपतो, बर्फ पुरतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यांची पकड सुटायला बरीच उष्णता लागते. मुलुंडच्या कॉलेजात ती हेच शिकवायची.

“गो चेडवा, तू मास्तरीण मा? मगे सांग, माणसाच्या आंगात पाणी किती?”

“अर्ध्याहून जास्त.”

“तर माझो वाटो दी.”

“तुमचा वाटा आत साठलाय, बाबा. बाहेर पडत नाही, तेच तर दुखणं आहे.”

“आख्खो जल्म गिरणीच्या रंगखात्यात गेलो, दिसभर पाण्यात. तेवा कोण मोजी नाय होतो.”

“आजचं संपलं,” ती म्हणाली आणि पेपर तपासायला बसली. ते हसले, ओठांवरून जीभ फिरवली आणि टीव्हीकडे वळले.

सकाळी ते उठलेच नाहीत. रक्तात पोटॅशियम वाढून हृदय थांबलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. पाणी मीठ-साखर विरघळवतं, तसंच नको तेही विरघळवतं. बाहेर जायला वाट नसली की सगळंच आत फिरत राहतं.

“बर्फाच्या एका खड्याने काही झालं असतं का?” तिने विचारलं.

“छे हो, काही नाही.”

डॉक्टरांना तिला धीर द्यायचा होता. तिच्या मनात एवढंच आलं, काही होणार नव्हतं तर द्यायला काय हरकत होती?

जोगेश्वरीहून मालनआत्या आली. बाबा झोपायचे त्या कोपऱ्यात तिने दिवा लावला, शेजारी पेलाभर पाणी ठेवलं. दुसऱ्या सकाळी पाणी थोडं उतरलेलं दिसलं.

“पियालो गो माझो भाव!”

“आत्ये, दिव्याच्या उबेनं उडालं ते,” पद्मजाचा धाकटा भाऊ सुयोग म्हणाला. “ताईलाच विचार ना, तिचाच विषय आहे.”

आत्याने पद्मजाकडे पाहिलं. वरच्या थरातले वेगाने धावणारे रेणू बाकीच्यांची पकड सोडवून हवेत निघून जातात. घाम वाळताना अंग निवतं ते त्यामुळेच. दर वर्षी ती बारावीच्या पोरांना हे न अडखळता सांगायची.

“प्यायलेत,” ती म्हणाली.

पेला घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. सवयीने हात बाटलीकडे गेला. बाटलीवर तिनेच मार्करने मारलेली रेघ होती. तिने बाटली परत ठेवली आणि पेला माठातून भरला, पाणी काठाच्या वर फुगेपर्यंत. तरी ते सांडत नव्हतं. एकमेकांना धरून होतं. सावकाश चालत तिने तो दिव्यापाशी आणून ठेवला.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “घ्या. पोटभर प्या. मी मोजत नाही.”