पलीकडचं भांडण

त्याने प्लास्टिकचा पेला भिंतीला टेकवला, पेल्याच्या बुडाला कान लावला आणि श्वास रोखून धरला. पलीकडे कापड ताणल्यासारखा आवाज झाला. मग कोणीतरी खोकलं. त्यानंतर पुन्हा काही नाही.

"मेलीत की काय दोघं," तो मनाशी म्हणाला आणि गुडघे चोळत उठला.

भिंत कसली, घरमालकाने एका खोलीच्या दोन करण्यासाठी मध्ये ठोकलेलं प्लायवूड होतं ते, वरून रंग फासलेलं. पूर्वी तिला कान लावायची वेळ येत नसे. अकरा वर्षं तो या खोलीत राहिला होता आणि त्या अकरा वर्षांत पलीकडच्या नवराबायकोने त्याला जवळजवळ रोज दुपारी चारच्या सुमाराला एक भांडण पुरवलं होतं. बादली कोणी उपडी ठेवली नाही, खिडकीची कडी कोणी लावली नाही, दुधावरची साय कोणी मटकावली. हा ते वहीत उतरवून घ्यायचा, थोडी काटछाट करायचा आणि त्याची रेडिओवरची मालिका तयार व्हायची. मालिका तुफान चालली. ऐकणारे पोट धरून हसत आणि लेखकाच्या प्रतिभेला दाद देत. होता होता त्यालाही ती आपलीच प्रतिभा वाटू लागली.

त्या दोघांविषयी मात्र त्याला काडीचाही आदर नव्हता. उलट त्यांच्यावरून त्याने एक सिद्धांत बेतला होता आणि चर्चासत्रांतून तो झोकात मांडायचा. माणूस राहतो त्या खोलीच्या मापाचा होतो, असं त्याचं म्हणणं. दहा बाय दहात राहणाऱ्यांचं मनही दहा बाय दहाचंच असतं, त्यांना भांडण हीच करमणूक. सभागृहात टाळ्या पडायच्या. तो स्वतःही दहा बाय दहातच राहत होता, पण ते माप स्वतःला लावून पाहायचं त्याला कधी सुचलं नाही. आपण निरीक्षणासाठी राहतो अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

दीड वर्षापूर्वी तो अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. तिथे खिडक्यांना दुहेरी काचा होत्या आणि लिहायला वेगळी खोली होती. शेजारी लिफ्टमध्ये भेटले तर पाणी शुद्ध करायच्या यंत्राबद्दल बोलत आणि आपला मजला आला की सुटलो एकदाचे असा चेहरा करून बाहेर पडत. त्यांच्या घरातून शिंकसुद्धा ऐकू यायची नाही. त्यांचाही याला तिटकाराच. एवढाल्या घरांत राहतात आणि धड भांडताही येत नाही लेकाच्यांना, असं तो म्हणे. जुन्या वह्या त्याला वर्षभर पुरल्या. मग तो स्वतःच्या डोक्याने लिहायला लागला आणि तीन-चार महिन्यांतच एका सोमवारी निर्मातीबाईंचा फोन आला.

"तुमची ती नवऱ्याला म्हणते, 'मला थोडा अवकाश हवाय.' कुठली बाई बोलते असं?"

"काळ बदललाय, मॅडम."

"काळबिळ काही नाही. तुम्ही बदललात. शनिवारी दुपारपर्यंत मला चार भाग द्या, पूर्वीसारखे. नाहीतर मालिका मी दुसऱ्या कोणाकडे तरी देते. चांगले लिहिणारे मागे लागलेत माझ्या."

मालिका गेली तर आपण कोणीच राहणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिच्याखेरीज त्याच्या नावावर काही नव्हतं. त्याच सोमवारी तो जुन्या घरमालकाकडे गेला. खोली रिकामीच होती. "फ्लॅट सोडून इथे?" असं मालकाने विचारलं तेव्हा "जरा वातावरण हवंय" एवढंच सांगून त्याने किल्ली घेतली. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि तो चार वाजायची वाट पाहत तोंडातून अवाक्षर न काढता बसून राहिला. आपला आवाज ऐकून ती दोघं बिचकायला नकोत, इतकी त्याने काळजी घेतली.

आज गुरुवार उजाडला होता आणि वही कोरी होती.

शेवटी त्याने ठरवलं की हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नाही. पलीकडे जायचं, एखादी काडी लावायची, दोघं पेटली की परत येऊन लिहायला बसायचं. असल्या माणसांना पेटायला वेळ तो किती लागणार! त्याने कोपऱ्यावरून बिस्किटांचा पुडा आणला आणि शेजारचं दार ठोठावलं. अकरा वर्षांत हे दार त्याने पहिल्यांदाच ठोठावलं होतं. जिन्यात भेट झाली की तो नुसती मान हलवून पुढे जायचा आणि खोली सोडताना त्याने यांचा निरोपही घेतला नव्हता.

काकूंनी दार उघडलं. "अगंबाई, तुम्ही! या ना, या."

काका खाटेवर बसले होते. ते घरीच छत्र्या दुरुस्त करायचे. एक मोठी काळी छत्री उघडून त्यांनी पायांत धरली होती आणि तिने अर्धी खोली व्यापली होती. काकूंना खाटेपलीकडे जायचं होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. काकांनी वर न पाहताच छत्री डावीकडे कलती केली, काकू त्या फटीतून सरकल्या, जाताजाता त्यांनी दोरा ओवलेली सुई काकांच्या पसरलेल्या तळहातावर ठेवली आणि छत्री पुन्हा जागच्या जागी आली. मग दुसऱ्या बाजूने स्टूल आलं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, कोणाचा कोणाला धक्का लागला नाही. ते बघून तो हिरमुसला. यात लिहून घ्यावं असं काहीच नव्हतं.

"काय काकू, हल्ली तुमच्याकडे अगदी सामसूम?" तो स्टुलावर बसत म्हणाला. "पूर्वी काका खिडकीची कडी लावायचे नाहीत आणि तुम्ही त्यांना चांगलं फैलावर घ्यायचा. सुधारले वाटतं काका?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका छत्रीच्या आड झाले.

"नाही हो, आम्ही कुठले भांडतोय," काकू म्हणाल्या. "एवढ्याशा जागेत भांडून जायचं कुठे?"

"असं कसं? रोज दुपारी भांडायचा. मी स्वतः ऐकलंय."

"ते तुमच्यासाठी," छत्रीआडून काका म्हणाले.

"अहो!" काकू दबक्या आवाजात म्हणाल्या.

"असू दे गं. आता बरे आहेत ते. चार दिवस झाले, काही आवाज नाही त्यांचा. सांगितलं तर काय बिघडलं?"

त्याने काकांकडून काकूंकडे पाहिलं. "माझ्यासाठी म्हणजे?"

काकूंनी बिस्किटांचा पुडा मांडीवर घेतला आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"तुम्ही नवीन आलात ना, तेव्हाची गोष्ट. दुपार झाली की तुमच्याकडून बोलणं ऐकू यायचं. एकदा पुरुषाचा आवाज, एकदा बाईचा. मी यांना म्हटलं, लग्न झालेलं दिसतंय, बरं झालं. मग बाहेर पाहिलं, तर दाराशी चपलांचा एकच जोड. दुसऱ्या दिवशी एकच. तिसऱ्या दिवशीही एकच."

"राजा आणि राणी," काका म्हणाले. "राजा रागवायचा, राणी रडायची. तेच तेच वाक्य, पाच-पाच वेळा."

तेव्हा तो एक ऐतिहासिक शोकांतिका लिहीत होता. ती पुढे कोणी छापलीही नाही. लिहिलेलं वाक्य तोंडात बसतं की नाही हे बघायला तो ते मोठ्याने, दोन्ही आवाजांत म्हणून पाहायचा. राणीसाठी गळा बारीक करायचा. ही त्याची कामाची रीत होती आणि मुलाखतींत तो ती कौतुकाने सांगायचा. पलीकडचं सगळं अलीकडे ऐकू येतं हे त्याला अकरा वर्षं माहीत होतं. अलीकडचं पलीकडे जात असेल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. पलीकडच्यांना कान असतील इतकी किंमत त्याने त्यांना कधी दिलीच नव्हती.

"पोटात तुटायचं हो," काकू म्हणाल्या. "एकटा जीव, बाईचा आवाज काढून स्वतःशीच भांडतोय. एकदा माझ्या हातून डबा पडला, मी यांच्यावर जरा चढ्या आवाजात बोलले, तर तुम्ही एकदम गप्प. नंतर तासभर तुमचा आवाज नाही. तेव्हा मी यांना म्हटलं, घरात माणसं बोलताना ऐकू आली की शांत होतात ते. मग काय, तुमचं सुरू झालं की आम्हीही सुरू करायचो."

"पुढे पुढे तुम्ही राजाराणी सोडून आमचंच बोलणं बोलायला लागलात," काका म्हणाले. "हिला म्हटलं, बघ, गुण येतोय."

त्याने एकदम विचारलं, "तुम्ही रेडिओ ऐकत नाही?"

"नाही बाई. यांना आवाज सोसत नाही. डोकं ठणकतं लगेच."

तो उठून उभा राहिला. बसून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. "काकू, मी लेखक आहे. रेडिओसाठी लिहितो. संवाद मोठ्याने म्हणून पाहावे लागतात. आमच्या कामाचा भाग आहे तो."

"असं होय," काकू म्हणाल्या.

"बरं, बरं," काका म्हणाले.

दोघांच्या स्वरात तेच मवाळ समजूतदारपण होतं. तापात बरळणाऱ्याला माणसं अशीच मान डोलावतात.

"चांगलं आहे," काकू पुढे म्हणाल्या. "मन रमतं. पण आता तब्येत कशी आहे? तुम्ही न सांगता गेलात तेव्हा हे दोन दिवस चौकशी करत होते, कुठे दवाखान्यात तर नेलं नाही ना म्हणून."

त्याला वाटलं, यांना खरं काय ते सुनवावं. चर्चासत्रं, टाळ्या, पुष्पगुच्छ, सगळं तोंडावर फेकावं. पण त्यातलं काय सांगितलं तरी ही दोघं "असं होय" म्हणतील आणि बिस्कीट पुढे करतील हे त्याच्या लक्षात आलं. तो "येतो" म्हणाला. काकांनी त्याच्यासाठी छत्री कलती केली.

खोलीत येऊन त्याने दार लावलं आणि बॅग काढली. कपडे कोंबताना त्याचा संताप अनावर झाला. छत्र्यांना टाके घालणारी माणसं! अक्कल बघा, दया कोणाची करावी हेही कळू नये!

"'आता तब्येत कशी आहे?'" तो काकूंचा आवाज काढून म्हणाला.

"उत्तम आहे!" तो स्वतःच्या आवाजात ओरडला.

"'मन रमतं हो तेवढंच!'"

"काय कळतं तुम्हाला माझ्या मनातलं? काय कळतं?"

पलीकडे काहीतरी धपकन पडलं. छत्री मिटल्याचा आवाज आला.

"अहो, ती बादली!" काकूंचा आवाज चढला. "किती वेळा सांगायचं, उपडी ठेवत जा म्हणून?"

त्याचा हात बॅगेतच राहिला.

"मी नाही ठेवली." काकांचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता आणि मध्येच खोकला आला. "तूच... तूच भरून ठेवलीस."

"मी? मी भरली? म्हणजे आता बादलीसुद्धा माझ्यावर का?"

"सगळं तुझ्यावरच आहे. माझ्यावर कुठे काय आहे? माझ्यावर नुसती तू आहेस."

हे वाक्य नवीन होतं. तो खाटेच्या कडेला बसला. यातला एक शब्दही लिहायचा नाही, असं त्याने मनाशी म्हटलं. पलीकडे काकू सायीवर आल्या, काका कडीवर आले. काकांना मधलं एक उत्तर आठवेना तेव्हा काकूंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जास्त चिडून, आणि मग काका पुढे सरकले. त्यांना धाप लागली होती. तरी ती दोघं भांडत राहिली. बोलणं थांबलं तेव्हा त्याच्या मांडीवर वही होती आणि तिची सहा पानं भरली होती.

एरवी भांडण संपलं की तो लगेच काटछाटीला लागायचा. आज तो तसाच बसून राहिला, त्यामुळे पुढचं त्याला ऐकू आलं. ते अगदी हळू होतं.

"झाला शांत?" काकांनी विचारलं.

"झाला बिचारा. पडा आता तुम्ही. डोकं दुखतंय ना?"

"थोडं. उद्याही करावं लागेल गं?"

"करू. आपल्याला तरी दुसरं काय काम आहे?"

त्याने पेन उचललं आणि तेही लिहून घेतलं.